मेलेले सेकंद

“जोतिराम सर, आहात ना तुम्ही?” असं अद्वैतनं पडद्यातून विचारलं, तेव्हा जोतिराम खुर्चीतच होता. पाठ ताठ, समोर लॅपटॉप, शेजारी वही, वहीवर टोपण काढलेलं पेन. पडद्यावर माणसांच्या चौकटी मांडल्या होत्या आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्याचं स्वतःचं तोंड होतं. तोंड किंचित उघडं, डोळे खिडकीकडे. हा माणूस कुठे बघतोय, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं. मग तो घाईघाईनं म्हणाला, आहे की, इथंच आहे. त्यावर अद्वैत म्हणाला, की मग आत्ता आपण काय बघितलं ते जरा सगळ्यांना सांगा. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी घसा खाकरला. आवाज तुटत होता सर, असं जोतिराम म्हणाला. अद्वैत पुण्यात बसून शिकवायचा, जोतिरामपेक्षा बराच लहान होता आणि स्वभावानं चांगला होता. नेटवर्कचं होतं असं, म्हणाला, आणि पुढे गेला. तो खेकसला असता तर बरं झालं असतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कुणी असं समजून घेतलं, की त्याला ते चांगलंच झोंबतं. जोतिरामनं वहीत तारीख लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

आवाज अजिबात तुटत नव्हता. मग तुटलं काय, हे तो उरलेला वेळ शोधत बसला आणि तोही वेळ हातचा गेला. आपण होतो कुठे? एखाद्या विचारात बुडालेला माणूस निदान त्या विचारात तरी असतो. तो तिथेही नव्हता. खिडकीबाहेर शेडचे पत्रे होते, पत्र्यांच्या कडेला वाळत टाकलेले टॉवेल होते, त्यांवर एप्रिलचं पांढरं ऊन होतं, आणि हे सगळं बघत असताना तो तेही बघत नव्हता. खाली घरमालकांचे यंत्रमाग चालू होते. सोलापूरच्या या पूर्व भागात पोरं मागांच्या खटखटीत जन्मतात, झोपतात, अभ्यास करून पासही होतात. घरमालकीणबाई तर त्या आवाजात गच्चीवरून तेलुगूत कुणाशीतरी निवांत गप्पा मारते. खोल्या भाड्यानं घेताना त्याची बायको प्रेमला म्हणाली होती, दोन दिवसांत ऐकू यायचं बंद होईल. तिला झालं. त्याला झालं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे वीज गेली, माग एकदम थांबले, की तो दचकून मान वळवायचा. कुणीतरी हाक मारली आणि ती आपल्याला ऐकू आली नाही, असं काहीतरी छातीत व्हायचं. आवाज असला तरी याचं लक्ष लागत नाही आणि नसला तरी लागत नाही. अशा माणसानं शिकायचं कसं?

आणि शिकणं तर भाग होतं. सूतगिरणीच्या हापिसातली नोकरी गेल्यापासून त्यानं टॅलीचा कोर्स अर्ध्यात सोडला होता, शेअरबाजाराचा पहिल्या आठवड्यात सोडला होता आणि इंग्रजी बोलण्याचा तर पुस्तकं आल्यावर सोडला होता. प्रेमला एका खासगी शाळेत शिकवायची. ती कधी तोंड टाकून बोलली नाही. फक्त ऑनलाइन मार्केटिंगचा हा कोर्स निघाला तेव्हा तिनं शांतपणे सांगून ठेवलं होतं, की हा शेवटपर्यंत करा, नाहीतर केम गावात माझ्या भावाच्या खताच्या दुकानात बसा, तो कधीचा बोलावतोय. त्यात वाईट काही नव्हतं. मेहुणा सज्जन होता, दुकान रेल्वे स्टेशनजवळ चालतं होतं. पण रोज सकाळी मेहुण्याच्या आधी जाऊन शटर उघडायचं आणि संध्याकाळी त्याच्या मागून बंद करायचं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की जोतिराम विषय बदलायचा. त्याला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. आणि स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे एकच होतं. सांगोल्यापलीकडच्या वाडीत आबा, म्हणजे त्याचे वडील हरिबा, अजून हातमागावर घोंगडी विणायचे. घरच्या मेंढरांची लोकर, आई चिमाबाईच्या हातचं सूत, चिंचोक्याची खळ. ही घोंगडी पुण्या-मुंबईच्या लोकांना विकायची, असं त्यानं कोर्सच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि चौकटींतल्या माणसांनी टाळ्यांची चित्रं पाठवली होती.

लक्ष लागावं म्हणून अद्वैतनं उपाय सांगितले होते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर लावा, गजर होईतो उठायचं नाही. मनात दुसरं काही आलं तर वहीच्या मागच्या पानावर एका शब्दात लिहा आणि परत या. जोतिरामनं सगळं केलं. फोन तो स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या डब्यात घालून वरून झाकण लावायचा. वहीचं मागचं पान भरून गेलं. भाजी. गॅस. खिडकी. आबांचं औषध. मेहुणा. परत खिडकी. पुढची पानं कोरी राहिली आणि मागची संपत आली. गंमत अशी, की शिकायचं होतं ते दुसऱ्याचं लक्ष कसं धरून ठेवायचं ते. माणूस अंगठ्यानं पडदा सरकवत असतो, त्याचा अंगठा पहिल्या तीन सेकंदांत थांबला पाहिजे, याला हुक म्हणतात. थांबला तर पुढच्या तीन सेकंदांत त्याला काहीतरी वाटलं पाहिजे. जोतिराम हे लिहून घ्यायचा आणि लिहिता लिहिता त्याला वाटायचं, की जगात सगळ्यांचे अंगठे असेच सरकताहेत आणि त्यातला एक आपला आहे. मग आपल्यासारख्यालाच थांबवायचं असेल तर आपल्याला काय थांबवेल? या प्रश्नापाशी त्याचं लक्ष पुन्हा उडायचं.

लहानपणीही असंच होतं. आबांच्या मागाशेजारी त्याला लोकरीच्या गुंड्या घेऊन बसवायचे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून आबा बसलेले, हातातला धोटा डावीकडून उजवीकडे, मग फळीचा ठोका. डावीकडे, ठोका. आबा हात पुढे करायचे, तेव्हा त्या हातावर गुंडी ठेवायची, एवढंच काम. हात पुढे यायचा, तसाच राहायचा, आणि जोतिराम दाराच्या चौकटीतून लांबचा माळ बघत असायचा. माग थांबला की तो भानावर यायचा. आबांनी कधी हात उगारला नाही. ह्याचं ध्यान वाऱ्यावर, एवढंच म्हणायचे आणि वाकून गुंडी स्वतः घ्यायचे. आई म्हणायची, शिकंल त्यो, शिकणाऱ्याचं असंच आस्तंय. त्या एका वाक्यावर त्याला सांगोल्याच्या बोर्डिंगात पाठवलं, बी.कॉम. केलं, आणि अजून आई फोनवर प्रेमलाला विचारायची, शिकतुय न्हवं? मधी बोलू नगा त्याच्या. प्रेमला हसून हे सांगायची. त्याला हसू यायचं नाही.

गेल्या महिन्यात तो व्हिडिओ काढायला वाडीवर गेला होता. मागाच्या खोलीत उजेड कमी, म्हणून दार पुरतं उघडून फोन खिडकीच्या कोनाड्यात टेकवला आणि आबांना म्हणाला, तुमी विणत राव्हा, माझ्याकडं बगू नका. आबा म्हणाले, बरं. बराच वेळ फोन तसाच चालू राहिला आणि तो बाहेर लिंबाखाली बसून अद्वैतचं मागच्या तासाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावून ऐकत होता. सोलापूरला आल्यावर कापाकापी केली. त्या आठवड्याचा धडाच तो होता. अद्वैत अशा जागांना मेलेले सेकंद म्हणायचा. काही घडत नाही असे सेकंद, त्यांत बघणारा पळून जातो, निर्दयपणे कापा. जोतिरामनं निर्दयपणे कापले. धागा तुटला आणि आबा कुठेतरी भिंतीकडे तोंड करून ताण्याच्या उभ्या धाग्यांवर बोटं फिरवत बसले, तो भाग गेला. मध्येच बाजूनं आईचा हात चित्रात शिरत होता, बांगड्यांसकट, ते तर फारच वाईट दिसत होतं, तोही गेला. उरलं ते सुरेख होतं. धोटा, ठोका, काळी लोकर, म्हाताऱ्या हातांच्या शिरा. अद्वैतनं ते वर्गात दाखवलं. अख्खा व्हिडिओ जोतिरामनं कापताना कितीदा मागेपुढे केला असेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत असा सलग एकदाही बघितला नव्हता.

मग आला टंचाईचा धडा. भरपूर आहे म्हटलं की गिऱ्हाईक उद्यावर टाकतं, म्हणून कमी आहे म्हणा, संपत आलंय म्हणा. खोटं बोलायचं नाही, असंही अद्वैत म्हणाला होता, पण ते वाक्य जोतिरामच्या कानावरून गेलं. तो तेव्हा खिडकीत होता. संध्याकाळी बसून त्यानं जाहिरात लिहिली. ‘हरिबांच्या मागावरचं शेवटचं घोंगडं.’ लिहिल्यावर अंगावर काटा आला. आपल्याला हे सुचलं, याचा आनंद इतका झाला की तो उठून खोलीत फेऱ्या मारायला लागला. प्रेमलाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, शेवटचं कसं काय? आबा अजून विणताहेत की. तो म्हणाला, तंत्र असतं ते. ती भाकरीच्या पिठाकडे वळली. आता राहिली होती ती जाहिरात कुणाला दाखवायची ती जागा. तिथे पुणे लिहायचं होतं. पडद्यावर आधीपासून व्हिडिओ काढलेलं ठिकाण आलं होतं, सांगोला आणि आसपासचा भाग, ते पुसून पुणे लिहायचं एवढंच. त्यानं बोट टेकवलं आणि त्याच क्षणी वीज गेली, खालचे माग गपकन थांबले. त्याची मान वळली. शेडमधून कामगारांचं हसणं आलं, कुणीतरी कोरा चहा मागवला. तो परत वळला तेव्हा बॅटरी संपत आल्याची खूण लुकलुकत होती. त्यानं पुढे जाण्याचं बटण दाबलं, पैसे भरले आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी तासाला बसला आणि त्याचं लक्ष लागलं. खरोखर लागलं. अद्वैत बोलत होता, हा लिहीत होता, वहीची पुढची पानं भरत होती. खाली माग चालू होते आणि ते ऐकू येत नव्हते. आपल्याला ऐकू येत नाही हे लक्षात आल्यावरही ऐकू आलं नाही. जमलं, असं त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कुणी त्याला सांगितलं नव्हतं की हे इतकं सोपं असतं, नुसतं आत जाऊन बसायचं असतं. स्वयंपाकघरातून गुरगुर येत होती. ज्वारीचा डबा आतून थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. वहीच्या मागच्या पानावर त्यानं ‘डबा’ असं लिहिलं आणि अद्वैतनं सांगितल्याप्रमाणे परत आला. गजर झाल्यावर मगच उठला. झाकण काढलं तर ज्वारीत रुतलेल्या फोनवर वाडीतल्या सगळ्यांचे फोन येऊन गेले होते. चुलतभाऊ बाळूचे, मंगळवेढ्याच्या आत्याचे, शाळेतल्या जुन्या मित्राचे, आणि मध्ये मध्ये आईचे. आबा गेले, हे जोतिरामच्या मनात इतकं स्पष्ट आलं की फोन लावताना तो रडायलाच लागला होता.

आईनं उचलला. म्हणाली, “तुझा बाप जित्ता हाय. लोकं केळी घिऊन यायला लागलीत. काय टाकलंयस फोनात?” हळूहळू सगळं बाहेर आलं. जाहिरात पुण्याला गेलीच नव्हती. ती गेली होती सांगोल्याच्या बाजारात, मेंढरांमागं फिरणाऱ्या पोरांच्या फोनांत, सोयऱ्याधायऱ्यांच्या घरोघरी. आणि त्यांच्या वाडीत माग रिकामा ठेवत नाहीत. एक घोंगडं उतरलं की जुन्या ताण्याची टोकं मागावर तशीच सोडायची आणि नव्या ताण्याचे धागे त्यांना पिळून जोडायचे. जुनं पुरतं संपायच्या आत नवं लागलेलं असतं. ती टोकं कापतात ती विणणारा गेल्यावर, घरातलं कुणीतरी कापतं. म्हणून विणकराच्या घोंगड्याला शेवटचं असं कुणी म्हणत नाही. मेल्यावरच म्हणतात. जोतिरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो तिथेच वाढला होता. पण लिहिताना ते आठवलंच नाही, त्याला फक्त बघणाऱ्याचा अंगठा दिसत होता. तो आईला म्हणाला, मी येतो, सगळ्यांना समजावून सांगतो. आई म्हणाली, ये.

एसटीत उन्हानं तापलेल्या खिडकीशी बसून तो समजावणी जुळवत होता. आपल्या माणसांना टंचाईचं तंत्र कसं सांगायचं? जसं बाजारात बाई म्हणते, ताई, एवढीच मेथी राहिली, आणि पाटीखाली अजून असते. असं सांगू. लोक हसतील, बाळू दोन शिव्या घालेल, चहा होईल. मंगळवेढ्याला गाडी थांबली तेव्हा अद्वैतचा निरोप आला होता. तुमची जाहिरात सगळ्या बॅचमध्ये जोरात चालली आहे, लोक नुसते बघत नाहीत, लिहिताहेत, रविवारच्या तासाला तुम्हीच सादरीकरण करा, सर. जोतिरामनं खालचे शेरे उघडले. ‘आबा कसे आहेत?’ ‘कधी झालं?’ ‘देवमाणूस.’ जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. त्याला लाज वाटली आणि त्या लाजेच्या खाली, अगदी खाली, बरंही वाटलं. बॅचमध्ये पहिला. प्रेमलाला सांगता येईल. हे बरं वाटणं त्याला आवडलं नाही. त्यानं फोन पालथा ठेवला, आणि पुढच्या थांब्यापर्यंत पुन्हा दोनदा उघडून बघितला.

अंगणात लिंबाखाली माणसं बसली होती. बायका पडवीत. आबा बाजेवर बसून होते, समोर केळ्यांचे घड, आणि बाळू मोठ्यानं म्हणत होता की आबाला शंभर वर्सं हायती. जोतिराम आला तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि त्याला एकदम वर्गातल्यासारखं वाटलं, चौकटीत आपलं तोंड, मागून प्रश्न. तो हसून बोलायला लागला. मेथीचं उदाहरण दिलं. एकदोघं हसले. आत्या म्हणाली, पर शेवटचं कशापायी म्हणलास रं, तोंडातनं तरी काढावं का? तेव्हा त्याला काहीतरी ठोस दाखवावंसं वाटलं. चला, म्हणाला, माग बघा, ताणा लागलेला असेल, आबांचं काम चालूच आहे. आई चुलीपुढून उठून दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, “नगं जोत्या.” त्याला वाटलं, ती रागानं म्हणतेय. बाळूचा दंड धरून तो मागाच्या खोलीत गेला. मागावर गोणपाट टाकलेलं होतं. त्यानं ते सगळ्यांच्या देखत ओढून काढलं.

खाली काही नव्हतं. खड्डा होता, दोन्हीकडच्या फळ्या होत्या, आणि पुढच्या आडव्या लाकडाला कापलेल्या काळ्या धाग्यांच्या शेंड्या लोंबत होत्या. धोटा कोनाड्यात उभा करून ठेवला होता, जिथे जोतिरामनं फोन टेकवला होता तिथे. दारात गर्दी केलेली माणसं मागं सरली. आत्यानं पदर तोंडाला लावला. गोणपाट हातात धरून जोतिराम उभा होता आणि त्याच्या डोक्यात वेड्यासारखं एकच चाललं होतं, की कापलं कुणी, आबा अजून जिवंत आहेत, तर कापलं कुणी. आई पुढे आली, तिनं त्याच्या हातातलं गोणपाट घेतलं आणि पुन्हा मागावर नीट पसरलं, चारी कोपरे ओढून. मग बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाली, बसा, च्या घिऊन जावा. ते बसले, चहा प्याले, आणि एकेक करून आबांच्या पायांना हात लावून गेले.

अंगण रिकामं झाल्यावर आबांनी बाजेवर बाजूला हात थोपटला. जोतिराम जाऊन बसला. आई पडवीत केळी वेगळी करत होती आणि तिथूनच तिनं सांगितलं. आबांना काळ्यावर काळा धागा दिसंना, म्हणून सांगोल्याला डॉक्टरकडे जाऊन आले होते. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली थेंब घालून टिकवायची, असं तो म्हणाला होता. तेव्हापासून ती मागाशेजारी बसायची आणि तुटलेला धागा शोधून त्यांच्या बोटांत द्यायची. मग तिला सुताला वेळ मिळेना. मग जोतिराम व्हिडिओ काढून गेल्यावर एक दिवस आबांनी स्वतःच कात्री मागितली. “तुझं शिक्षान चाललंय म्हून बोलली न्हाय,” म्हणाली. “प्रेमलालाबी म्हणलं न्हाय. मधीच ध्यान मोडलं आसतं तुझं.”

आबांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच जोतिरामला सोसवेना. “कुणाला कळलं न्हाय रं,” ते म्हणाले. “रोज बसून जात्यात हितं, पर कुणाला कळलं न्हाय. आन् तू फोनात घातलंस, शेवटचं म्हून. म्या हिला म्हणलं, जोत्यानं व्हिडिव काढला न्हवं, तवाच त्याच्या ध्यानात आलं आसंल. त्याला दिसलं.” जोतिरामनं तोंड उघडलं. मला दिसलं नाही आबा, ते तंत्र होतं, ते कापून टाकलं मी, असं सगळं घशाशी आलं. आबा त्याच्या तोंडाकडे बघत होते, पण थोडं बाजूला, कानाच्या पलीकडे, जिथे आता कुणी नव्हतं. किती दिवस हे असं बघताहेत? गेल्या महिन्यात? दिवाळीत? त्याला एकही दिवस आठवेना. तो नुसताच हं म्हणाला. आपण गप्प राहून बापाकडून फुकटचं श्रेय घेतलं, हे त्याला कळत होतं, आणि खरं बोललो तर त्यांच्याकडून उरलेलंही काढून घेऊ, हेही कळत होतं.

मग आबांनी तो व्हिडिव लाव म्हटलं. दिसायचा नाही, पण ऐकतो, म्हणाले. जोतिरामनं सवयीनं जाहिरात लावली. धोटा, ठोका, धोटा, ठोका, आणि संपली. आबा कान देऊन बसले होते. येवडंच? म्हणाले. मधी धागा तुटला हुता की, त्यो कुटं गेला? जोतिराम म्हणाला, आहे, लांब आहे जरा. तो फोनच्या पोटात शोधत राहिला. सगळं पुसून टाकायची त्याला सवय होती, जागा होत नाही म्हणून. हे पुसायचं राहून गेलं होतं, तेही विसरल्यामुळेच. त्यानं अख्खा व्हिडिओ सुरुवातीपासून लावला आणि फोन दोघांच्या मध्ये बाजेवर उभा धरला. माग चालू झाला. दाराचा उजेड आबांच्या अर्ध्या तोंडावर होता. ठोका पडायचा त्याच्या आधी ते हातानं फळीची कड चाचपत होते. कडेनं धागा ओढून बघत होते. पुन्हा ओढत होते. हे सगळं त्यात होतं. कापायच्या आधी होतं आणि कापल्यानंतर उरलेल्यातही होतं.

हितं, आबा म्हणाले, आणि पडद्यावरचा माग थांबला. जोतिरामची मान वळली नाही. चित्रातले आबा भिंतीकडे तोंड करून ताण्यावर बोटं फिरवत होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश, आणि पुन्हा पहिल्या कडेपासून. बाहेरून कोंबडीचा आवाज येत होता, चित्रातल्या अंगणातून. त्याच अंगणातून बारीकसा अद्वैतचा आवाजही आला, जोतिरामच्या लॅपटॉपमधून सांडलेला, हुकबद्दल काहीतरी सांगणारा. मग तोही थांबला. वरच्या बाजूनं फोनवर एक पट्टी सरकत आली, आजचा तास सुरू झाला आहे, आपण येताय ना, आणि तिनं आबांचं कपाळ झाकलं. जोतिरामचा अंगठा आपोआप हलला. त्यानं तो मुठीत धरला. पट्टी थोडा वेळ राहिली आणि गेली. केमचं दुकान, रविवारचं सादरीकरण, प्रेमलाला काय सांगायचं, हे सगळं कडेकडेनं येत होतं आणि त्याला आत घ्यायला आज जागा नव्हती. बोटं अजून फिरत होती. कापताना हे त्याला इतकं लांब कधी वाटलं नव्हतं.

“लई येळ लागला न्हवं?” आबांनी विचारलं.

“न्हाय, आबा.”

आबा थोडा वेळ ऐकत राहिले. पडवीत आईचं काम थांबलं होतं.

“तिचा हात आला का?”

“यायचाय,” जोतिराम म्हणाला, आणि बघत राहिला.